एमआयटीची काउंटीवार मतांची फाइल: फुकट आणि भरवशाची, पण साफ केल्याशिवाय नकाशा काढू नका

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत कोणता प्रदेश कुणाकडे झुकला, हे टीव्हीवरच्या लाल-निळ्या (लाल रिपब्लिकन, निळा डेमोक्रॅट) नकाशावरून कळत नाही. तो नकाशा राज्यांचा असतो आणि त्यासाठी राज्य हे एकक फारच मोठं आहे. टेक्सास लाल रंगवला की ऑस्टिन, एल पासो आणि रिओ ग्रांदे नदीकाठची गावं सगळी त्या एका रंगाखाली जातात. प्रादेशिक कल बघायचा तर काउंटीपर्यंत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागापर्यंत खाली उतरावं लागतं. त्यासाठी कुणालाही सहज मिळणारं सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे एमआयटीच्या इलेक्शन डेटा अँड सायन्स लॅबने तयार केलेली काउंटीवार निकालांची फाइल. २००० पासूनच्या सगळ्या अध्यक्षीय निवडणुका तिच्यात एकाच साच्यात बसवल्या आहेत. ती हार्वर्डच्या डेटाव्हर्स या संग्रहात ठेवलेली आहे आणि उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत.

मत आधीच सांगून टाकतो. मराठीत अमेरिकी निवडणुकीवर लिहिणाऱ्या, शिकवणाऱ्या किंवा नुसतं समजून घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ही फाइल जवळ ठेवावी. पण ती उघडून तासाभरात नकाशा काढून मोकळं व्हायचं, असं तिच्या बाबतीत चालत नाही. तिच्यात काही ठरलेले खड्डे आहेत. ते माहीत नसतील तर नकाशा दिसायला झकास येतो आणि चुकीचा असतो. बहुतेक खड्डे लॅबच्या हलगर्जीपणातून आलेले नाहीत. अमेरिकेत निवडणूक राज्यं आणि काउंट्या घेतात, निकालही आपापल्या पद्धतीने जाहीर करतात, त्यामुळे एका फाइलमध्ये पन्नास सवयी एकत्र आल्या आहेत.

फाइलचा साचा समजायला तिची सुरुवातच पुरेशी आहे. अलाबामातली ऑटॉगा ही काउंटी, वर्ष २०००. तिच्या चार ओळी आहेत: अल गोर ४,९४२, जॉर्ज डब्ल्यू. बुश ११,९९३, राल्फ नेडर १६०, आणि ‘इतर’ ११३. एका काउंटीतल्या एका उमेदवाराला एक ओळ. प्रत्येक ओळीत वर्ष, राज्य, राज्याचं लघुरूप, काउंटीचं नाव, काउंटीचा फिप्स नावाचा सरकारी संकेतांक, उमेदवार, पक्ष, उमेदवाराची मतं, काउंटीतली एकूण मतं, मतदानाचा प्रकार सांगणारा ‘मोड’ आणि आवृत्तीची तारीख असे रकाने आहेत. ऑटॉगाच्या चारही ओळींत ‘एकूण मतं’ या रकान्यात १७,२०८ हा एकच आकडा लिहिलेला आहे. नवखा माणूस हमखास पहिल्यांदा इथे अडखळतो. हा रकाना बेरजेसाठी नाहीच. त्याची बेरीज घेतली की ऑटॉगात ६८,८३२ मतदार उगवतात. बेरीज घ्यायची ती फक्त उमेदवाराच्या मतांची. एकूण मतांचा रकाना टक्केवारी काढताना भागायला वापरायचा, किंवा आपली बेरीज ताडून पाहायला.

उघडताना

फाइलवर दोनदा क्लिक करून ती एक्सेलमध्ये थेट उघडू नका. फिप्स हा पाच अंकी संकेतांक आहे: पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. ऑटॉगाचा संकेतांक ०१००१. एक्सेल त्याला संख्या समजतं, पुढचं शून्य टाकून देतं आणि उरतं १००१. अलाबामा, अलास्का, अ‍ॅरिझोना, आर्कन्सॉ, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि कनेटिकट या सात राज्यांचे संकेतांक शून्याने सुरू होतात, म्हणून नकाशाला जोडताना नेमकी हीच सात राज्यं कोरी राहतात. कॅलिफोर्निया पांढरा दिसला की लोक डेटा अपुरा आहे असं म्हणून फाइलला दोष देतात. दोष उघडण्याच्या पद्धतीत असतो. एक्सेलमध्ये ‘डेटा’ मेनूतून फाइल आयात करा आणि फिप्सचा रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून घ्या. लिबरऑफिसमध्ये आयातीची खिडकी आपोआप उघडते, तिथे त्या रकान्यावर क्लिक करून प्रकार बदलता येतो. शून्य आधीच गेलं असेल तर टेक्स्ट फंक्शनला पाच शून्यांचा साचा देऊन नवा रकाना बनवा. फाइलमध्येच शून्य नसेल तरी हाच उपाय चालतो.

जोडणी नावावरून करण्याचा मोह टाळा. मेरिलँडमध्ये बॉल्टिमोर शहर आणि बॉल्टिमोर काउंटी हे दोन वेगळे कारभार आहेत, संकेतांक २४५१० आणि २४००५. मिझुरीत सेंट लुईसचं तेच: २९५१० आणि २९१८९. व्हर्जिनियात तर ३८ शहरं कोणत्याच काउंटीत मोडत नाहीत, आणि त्यांतल्या काहींच्या नावाची काउंटीही आहे. फेअरफॅक्स, रिचमंड ही ठळक उदाहरणं. रिचमंड शहर आणि रिचमंड काउंटी एकमेकांना लागूनसुद्धा नाहीत.

मोडचा रकाना, सगळ्यात मोठा खड्डा

२०१६ पर्यंत या रकान्याकडे पाहावंच लागत नाही, सगळीकडे ‘एकूण’ लिहिलेलं आहे. २०२० ला कोविडमुळे टपालाने आणि आगाऊ मतदान प्रचंड वाढलं. काही राज्यांनी निकाल प्रकारवार दिले आणि लॅबने ते तसेच ठेवले. जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना त्यांतली. तिथे एका काउंटीत एका उमेदवाराला एकाऐवजी तीन-चार ओळी आहेत: मतदानाच्या दिवशीची मतं, टपालाची, आगाऊ, तात्पुरती नोंदवलेली. आता कुणी ‘एकूण’ असं गाळणं (फिल्टर) लावलं की ही राज्यं नकाशावरून नाहीशी होतात. उलट कुणी प्रत्येक काउंटीची पहिली ओळ उचलली, तर त्याच्या हाती एकाच प्रकारची मतं लागतात. २०२० ला हा घोळ फार महागात पडतो, कारण टपालाची मतं बायडन यांच्याकडे आणि मतदानाच्या दिवशीची ट्रम्प यांच्याकडे जोरात झुकलेली होती. अर्धवट ओळी उचलणाऱ्याच्या नकाशावर जॉर्जिया कोणत्याही रंगाचं निघू शकतं.

मार्ग सोपा आहे. आधी मोडच्या रकान्यात प्रत्येक राज्यात कोणकोणत्या नोंदी आहेत त्यांची यादी काढा. जिथे फक्त प्रकार दिलेत तिथे सगळे प्रकार मिळवा. जिथे फक्त एकूण आहे तिथे ते घ्या. आणि जिथे दोन्ही सापडतील तिथे फक्त एकूण घ्या, नाहीतर मतं दुप्पट होतील. मग ताळा करा. २०२० ला जॉर्जियात बायडन यांना २४,७३,६३३ आणि ट्रम्प यांना २४,६१,८५४ मतं पडली, फरक ११,७७९. तुमच्या बेरजेत हा आकडा आला तर पुढे जा. आला नाही तर आधी मोडमध्येच चूक शोधा.

महाराष्ट्रात निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० वर, म्हणजे बूथवार निकालांच्या तक्त्यावर काम केलेल्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. तिथेही टपाली मतं बूथच्या आकड्यांत नसतात, शेवटी वेगळी येतात, आणि बूथांची बेरीज अंतिम निकालाशी जुळत नाही म्हणून नवा माणूस गोंधळतो. फरक एवढाच की आपल्याकडे फॉर्म २० बऱ्याचदा स्कॅन केलेल्या पानांच्या पीडीएफमध्ये मिळतो आणि आकडे हाताने उतरवावे लागतात. एमआयटीची फाइल थेट मोजणीसाठी तयार आहे. त्या दृष्टीने ती खरोखर चैन आहे.

नकाशाला न बसणारे तुकडे

अलास्काला काउंट्या नाहीत. त्यांच्याऐवजी बरो नावाचे विभाग आहेत, पण निकाल बरोवार जाहीर होत नाहीत. ते राज्याच्या विधानसभेच्या ४० मतदारसंघांवार येतात, आणि मतदारसंघांच्या हद्दी बरोंशी जुळत नाहीत. फाइलमध्ये या मतदारसंघांना ०२ नंतर त्यांचा क्रमांक लावून संकेतांक दिलेत. त्यातले काही खऱ्या बरोंच्या संकेतांकांशी योगायोगाने जुळतात. ०२०२० हा अँकोरेजचा खरा फिप्स आहे, आणि विसाव्या मतदारसंघाचा बनवलेला संकेतांकही तोच. डोळे मिटून जोडणी केली की अख्ख्या अँकोरेजला एका मतदारसंघाचा रंग चढतो. चूक दाखवणारा संदेश कुठेही येत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने जोडणी यशस्वी झालेली असते. अलास्का जोडणीतून पूर्ण बाहेर काढा आणि राज्याच्या एकूण आकड्याने एकच रंग भरा. नकाशाखाली तसं लिहा.

कॅन्सस सिटी हे मिझुरीतलं शहर स्वतःचे निकाल वेगळे देतं, म्हणून फाइलमध्ये ते काउंटीसारखं स्वतंत्र येतं. त्याची मतं जॅक्सन काउंटीत, म्हणजे २९०९५ मध्ये मिळवावी लागतात. तसं केलं नाही तर जॅक्सन काउंटी तिच्या मूळ स्वभावापेक्षा बरीच जास्त रिपब्लिकन दिसते, कारण शहराचा डेमोक्रॅटिक भाग गळून गेलेला असतो. साउथ डकोटातल्या शॅनन काउंटीचं नाव २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झालं आणि संकेतांक ४६११३ वरून ४६१०२ वर गेला. व्हर्जिनियातलं बेडफर्ड शहर, संकेतांक ५१५१५, २०१३ मध्ये बेडफर्ड काउंटीत विलीन झालं, म्हणून २०१२ आणि २०१६ ची तुलना करताना आधीच्या निवडणुकांत दोन्ही मिळवून घ्यायला हवेत. कनेटिकटचा प्रश्न उलटा आहे. मतं जुन्या आठ काउंट्यांवर आहेत, पण जनगणना खात्याने २०२२ च्या नकाशांपासून तिथे नऊ नियोजन विभाग आणलेत. यावर सोपा उपाय म्हणजे हद्दींची फाइल २०२० किंवा २०२१ ची घेणं. जनगणना खात्याच्या हद्दींच्या फाइली तीन बारकाव्यांत मिळतात. संपूर्ण देशाचा नकाशा काढायला एकास दोन कोटींची, सगळ्यात हलकी फाइल भरपूर झाली.

हे सगळं केल्यावर क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडणी करताना आणखी एक बारकं काम उरतं. हद्दींच्या फाइलमधला संकेतांक मजकूर म्हणून साठवलेला असतो. तुमचा संख्या म्हणून असेल तर जोडणीचा रकाना रिकामा येतो. दोन्हींचा प्रकार एक करा. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) ५०७० क्रमांकाचं, समक्षेत्र आल्बर्स ठेवा. वेबवरचं नेहमीचं मर्केटर ठेवलं तर उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या मोठमोठ्या काउंट्या आणखी फुगतात. क्यूजीआयएस नको असेल तर डेटारॅपर या वेबसाइटवर काउंट्यांचा तयार नकाशा आहे, फिप्सचा रकाना दिला की तो रंग भरून देतो. पण वरच्या दुरुस्त्या त्याआधी तुम्हालाच कराव्या लागतात.

फाइल काय दाखवते

इथवरची मेहनत कशासाठी, तर यासाठी. २०२० चा काउंटीवार नकाशा काढा आणि अलाबामा पाहा. राज्य म्हणून ते ट्रम्प यांनी ६२ टक्के मतं मिळवून घेतलं. पण राज्याच्या मध्यातून डेमोक्रॅटिक काउंट्यांचा एक पट्टा आडवा जातो. ग्रीन आणि मेकन या काउंट्यांत बायडन यांना ८० टक्क्यांहून जास्त मतं आहेत. पट्टा पश्चिमेला मिसिसिपीत आणि पूर्वेला जॉर्जियात पुढे चालू राहतो, राज्यांच्या सीमांना जुमानत नाही. तो ज्या रेषेवर आहे तिथे क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनोसोरांच्या शेवटच्या कालखंडात, समुद्राचा किनारा होता. त्या उथळ समुद्राच्या तळाशी खडूसारखा खडक साचला, त्यापासून काळी सुपीक माती झाली, त्या मातीत कापसाचे मोठे मळे उभे राहिले, आणि मळ्यांवर राबायला गुलाम आणले गेले. गुलामगिरी संपल्यावरही त्यांचे वंशज त्याच भागात राहिले. आजही तिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत आणि ते मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅटिक मत देतात. (विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी जमीन बेसॉल्टची, ज्वालामुखीच्या लाव्हाची. मातीचं मूळ अगदी वेगळं, पीक मात्र एकच.) राज्यांच्या नकाशावर या पट्ट्याचा मागमूसही नसतो.

दुसरं उदाहरण टेक्सासच्या दक्षिण टोकाचं, मेक्सिकोच्या सीमेवरची स्टार काउंटी. फिप्स ४८४२७. जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक, आणि १८९२ नंतर २०२० पर्यंत एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला न जिंकू देणारी. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के. २०२० ला बायडन यांना ५२. २०२४ ला ट्रम्प यांनी ती जिंकली. चार वर्षांत साठ टक्क्यांची आघाडी पाचवर आली, असं टक्केवारी सांगते, आणि ते वाचून सहज असं वाटतं की डेमोक्रॅट मतदार पक्ष सोडून गेले. आता फाइलमधली मतं पाहा. क्लिंटन ९,२८९, बायडन ९,१२३. फक्त १६६ चा फरक. ट्रम्प मात्र २,२२४ वरून ८,२४७ वर गेले. डेमोक्रॅटिक मतं जवळपास तेवढीच राहिली आणि एकूण मतदान पावणेबारा हजारांवरून साडेसतरा हजारांवर गेलं. निव्वळ हिशेबात वाढलेलं सगळं मतदान ट्रम्प यांच्या पारड्यात पडलं. त्यातले किती नवे मतदार, किती पक्ष बदललेले, हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण ‘बालेकिल्ला ढासळला’ एवढं लिहून थांबणाऱ्याने २०२० ची गोष्ट चुकीची सांगितली, हे नक्की. म्हणून आग्रहाने सांगतो: प्रत्येक काउंटीसाठी टक्क्यांतला बदल आणि मतांतला बदल असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवा. एकावर कधीही विसंबू नका.

बदल काढायची रीत अशी. एक्सेलच्या पिव्हट टेबलात (गटवार बेरीज करणाऱ्या तक्त्यात) ओळींना फिप्स, स्तंभांना वर्ष आणि पक्ष, आणि ‘व्हॅल्यूज’ला उमेदवाराच्या मतांची बेरीज द्या. स्तंभांना उमेदवाराचं नाव देऊ नका. २०१६ ला नाव ‘डोनाल्ड ट्रम्प’ आहे आणि २०२० ला ‘डोनाल्ड जे ट्रम्प’, म्हणजे एकाच माणसाचे दोन स्तंभ होतील. मग प्रत्येक वर्षी डेमोक्रॅट वजा रिपब्लिकन, भागिले एकूण मतं, ही आघाडी. ऑटॉगात २००० साली ती उणे ४१ टक्के येते. नंतरच्या वर्षाच्या आघाडीतून आधीची वजा केली की कल. रंगांचे टप्पे ठरावीक ठेवा, दहा-दहा टक्क्यांचे, शून्य बरोबर मध्ये. सॉफ्टवेअरला आपोआप समान संख्येचे टप्पे पाडायला सांगितलं तर शून्य कुठेतरी बाजूला सरकतं आणि थोडक्यात हरलेली काउंटी जिंकलेल्या रंगात जाते.

केंटकीतली एलियट ही छोटी काउंटी याच रीतीने सापडते. १८६९ मध्ये स्थापन झाल्यापासून तिथे प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट जिंकत आला होता. २०१६ ला ट्रम्प यांनी ती मोठ्या फरकाने घेतली. कोळशाच्या अ‍ॅपलेशियातला हा बदल २००० ते २०१६ अशा पाच नकाशांवर पायरीपायरीने दिसतो. फाइल २००० पासून आहे याचा खरा फायदा इथे मिळतो.

रंगवलेल्या नकाशाचा एक दोष मात्र कितीही साफसफाई केली तरी जात नाही. तो जमीन रंगवतो, माणसं नाही. २०२० ला ट्रम्प यांनी ओक्लाहोमातल्या ७७ च्या ७७ काउंट्या जिंकल्या. राज्य टोकापासून टोकापर्यंत लाल. तिथे त्यांना १०,२०,२८० मतं पडली. त्याच निवडणुकीत ते लॉस एंजेलिस काउंटीत दणकून हरले, बायडन ३०,२८,८८५ आणि ट्रम्प ११,४५,५३०. म्हणजे नकाशावरच्या एका निळ्या ठिपक्यात ट्रम्प यांचे मतदार अख्ख्या लाल ओक्लाहोमापेक्षा सव्वा लाखाने जास्त होते. त्या वर्षी त्यांना सगळ्यात जास्त मतं कोणत्या राज्याने दिली? टेक्सासने नाही, कॅलिफोर्नियाने. म्हणून रंगवलेल्या नकाशासोबत वर्तुळांचाही नकाशा काढा: प्रत्येक काउंटीच्या मध्यावर एक वर्तुळ, क्षेत्रफळ मतांच्या फरकाइतकं. त्रिज्या नव्हे, क्षेत्रफळ. त्रिज्या फरकाच्या प्रमाणात ठेवली तर दुप्पट फरकाचं वर्तुळ चौपट दिसतं.

काय दाखवत नाही

जुन्या वर्षांत छोट्या उमेदवारांची रवानगी ‘इतर’ मध्ये झालेली आहे. २००० साली फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत फुलपाखरी मतपत्रिकेच्या (नावं दोन्ही पानांवर, छिद्रं मध्ये) घोळामुळे गोर यांना द्यायची बरीच मतं चुकून रिफॉर्म पक्षाच्या पॅट ब्युकॅनन यांच्याकडे गेली आणि त्यांना ३,४०७ मतं पडली, आणि बुश ते राज्य ५३७ मतांनी जिंकून अध्यक्ष झाले. अमेरिकी निवडणुकीच्या इतिहासातला हा बहुधा सगळ्यात चर्चेत राहिलेला काउंटीचा आकडा या फाइलमध्ये स्वतंत्र दिसत नाही. नेडर दिसतात, ब्युकॅनन नाहीत. यूटामध्ये २०१६ ला अपक्ष उमेदवार इव्हान मॅकमलिन यांना साडेएकवीस टक्के मिळाले, तेही ‘इतर’ मध्ये. त्यामुळे यूटात २०१२, २०१६ आणि २०२० चा दोन पक्षांतला कल काढताना मधलं वर्ष वेडंवाकडं येतं. अशा राज्यात ‘इतर’ चा वाटा दहा टक्क्यांच्या वर असेल तर ते वर्ष तुलनेतून वगळलेलं बरं.

मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं काही इलेक्टोरल व्होट (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) काँग्रेसच्या मतदारसंघांवार देतात. २०२० ला ओमाहाच्या मतदारसंघाने बायडन यांना एक व्होट दिलं, मेनच्या दुसऱ्या मतदारसंघाने ट्रम्प यांना. २०२४ लाही विभागणी तशीच राहिली, फक्त डेमोक्रॅटिक बाजूला हॅरिस होत्या. मतदारसंघांच्या हद्दी काउंट्या कापत जातात, म्हणून या व्होटांचा हिशेब या फाइलवरून नीट बसत नाही. मतदानाची टक्केवारीही नाही. एकूण मतं आहेत, पात्र मतदार किती ते नाही. त्यासाठी जनगणना खात्याचे मतदानाच्या वयाच्या नागरिकांचे आकडे वेगळे जोडावे लागतात.

आणि काउंटी म्हणजे मतदार नव्हे. न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत एडिसन येतं. मराठी माणसांसह भारतीयांची तिथली वस्ती मोठी आहे, त्यामुळे ‘आपल्या लोकांनी कुणाला मत दिलं’ या प्रश्नाचं उत्तर मिडलसेक्सच्या आकड्यांत शोधायचा मोह होतो. काउंटीत न्यू ब्रन्सविकचे विद्यार्थी आहेत, हिस्पॅनिक वस्त्या आहेत, जुन्या युरोपीय वंशाच्या उपनगरी वस्त्या आहेत. काउंटीचा आकडा या सगळ्यांची बेरीज आहे, त्यातून एका समाजाचं मत वेगळं काढता येत नाही. प्रिसिंक्टपर्यंत, म्हणजे आपल्या बूथच्या पातळीवर गेलात तर अंदाज थोडा बरा होतो, पण तोही अंदाजच. समाजवार मत सांगायचं तर सर्वेक्षण लागतं.

प्रिसिंक्टचे आकडे याच लॅबने आणि व्हीईएसटी (व्होटिंग अँड इलेक्शन सायन्स टीम) या गटाने डेटाव्हर्सवर ठेवलेत, तेही मोफत. पण प्रिसिंक्ट दीड लाखांहून जास्त आहेत आणि हद्दी दर निवडणुकीला बदलतात, म्हणून दोन वर्षांची तुलना हे मोठं काम होऊन बसतं. न्यूयॉर्कमध्ये एकच उमेदवार दोन पक्षांच्या ओळींत असतो, २०२० ला बायडन डेमोक्रॅटिक आणि वर्किंग फॅमिलीज, ट्रम्प रिपब्लिकन आणि कॉन्झर्व्हेटिव्ह. मूळ निकालातल्या दोन्ही ओळी मिळवल्याशिवाय तिथली आघाडी खरी येत नाही. एका शहराचा अभ्यास असेल तरच या वाटेला जा.

पैसे मोजायची तयारी असेल तर डेव्ह लाइप यांचा अमेरिकी निवडणुकांचा ऑनलाइन अ‍ॅटलस हा चांगला पर्याय आहे. तो २००० च्या बराच मागे जातो, छोटे उमेदवार वेगळे दाखवतो आणि नकाशे आयते देतो. नकाशे पाहायला पैसे लागत नाहीत, तपशीलवार आकड्यांच्या फाइली मात्र विकत घ्याव्या लागतात. तिथे डेमोक्रॅट लाल आणि रिपब्लिकन निळे आहेत, टीव्हीच्या बरोबर उलट. हे लक्षात न ठेवता तिथला नकाशा लेखात घातला तर अर्थ उलटा होतो. पाम बीच आणि यूटासारख्या ठिकाणांसाठी लाइप यांचा अ‍ॅटलस, २००० नंतरच्या रोजच्या कामासाठी एमआयटीची फाइल, अशी वाटणी आम्हाला योग्य वाटते.

फाइल उतरवून घ्याल तेव्हा आवृत्तीच्या रकान्यातली तारीख नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि मूळ फाइल हात न लावता वेगळी जपा. लॅब दुरुस्त्या करून नवी आवृत्ती चढवत असते. पुढच्या वेळी आकडे शंभर-दोनशे मतांनी जुळले नाहीत, तर फरक तुमच्या बेरजेतला की त्यांच्या दुरुस्तीतला, हे त्या तारखेवरून पाच मिनिटांत कळतं.